मदत हवी आहे: २००१ ची होंडा सिटी व्हीटेक – इंजिन उतरवावे की आधी वायरिंग तपासावे?

सूरसागर

नमस्कार,

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. गेल्या दिवाळीनंतर मी २००१ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून रविवारचा बराचसा वेळ तिच्या बॉनेटखाली जातो आहे. ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की या चौकोनी सिटीचे दीड लिटरचे इंजिन १०६ अश्वशक्ती देत असे. २००३ मध्ये तिच्या जागी आलेल्या ‘डॉल्फिन’ सिटीची शक्ती ७७ वर उतरली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर झालेले वाद मला अजून आठवतात. ही गाडी पुढेमागे घ्यायचीच, हे माझे तेव्हाच ठरले होते.

आता अडचण सांगतो. गाडी गावात व्यवस्थित चालते, धूर दिसत नाही, तेलही फारसे खात नाही. मात्र अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर नेऊन दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या वाढवल्या, तरी जिथे व्हीटेक, म्हणजे जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्ह अधिक उघडणारी यंत्रणा, लागू होऊन इंजिनाचा आवाज बदलायला आणि गाडीने उसळी घ्यायला हवी तिथे काहीच घडत नाही. सुई साडेपाच हजारांच्या पलीकडे कशीबशी सरकते आणि गाडी दमल्यासारखी वाटते. दुसरी तक्रार अशी, की दुपारी तासभर उन्हात उभी राहिल्यावर ती कित्येकदा सुरूच होत नाही. किल्ली फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाचा जो दोन सेकंदांचा बारीक आवाज यायला हवा, तो अशा वेळी येत नाही. दारे उघडी ठेवून अर्धा तास थांबले की मुकाट्याने सुरू होते.

मकरपुऱ्यातील एका गॅरेजमध्ये दाखवली. तेथील उस्तादांनी दोन मिनिटे इंजिन ऐकले आणि ‘एन्जिन खोलवुं पडशे’ असा निकाल देऊन रिंग-पिस्टन, बेअरिंग आणि हेडचे काम धरून पासष्ट हजारांचा अंदाज सांगितला. अंदाज ऐकून घरी आलो खरा, पण मन मानेना, म्हणून ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककडून कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजून घेतले. चार सिलिंडरांचे आकडे अनुक्रमे १७२, १६८, १७४ आणि १७० पीएसआय असे आले. ज्या इंजिनाच्या चार सिलिंडरांत केवळ सहा पीएसआयचा फरक आहे, ते उघडून मला काय मिळणार आहे, हे मला समजत नाही.

गाडीचा एक इतिहास येथे सांगणे आवश्यक आहे, कारण माझा संशय त्याच्याभोवती फिरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते आणि निम्मे बडोदे पाण्यात होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. विकणाऱ्या गृहस्थांनी गाडी तेव्हा उंचावर होती असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला, चूक माझीच. घरी आणल्यावर पुढच्या सीटचे बोल्ट सोडवून कार्पेट उचलले तेव्हा खालच्या नमद्यात वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ सापडला, स्टेपनीच्या खळग्यातही तसाच होता, आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली. म्हणजे पाणी निदान सीटच्या तळापर्यंत आले होते. या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, डाव्या बाजूला पायांजवळ, कार्पेटच्या मागे बसवलेला आहे. तो उघडून पाहिला. आतल्या सर्किटच्या पाटीवर एका कोपऱ्यात पांढुरका थर आहे, पण जळल्याची खूण नाही.

डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’ दिवा अधूनमधून लागतो. डॅशबोर्डखालचा दोन पिनांचा सर्व्हिस कपलर (तपासणीसाठीची तारांची जोडणी) तारेने जोडून दिव्याचे झपके मोजले, तेव्हा दोन लांब आणि दोन आखूड, म्हणजे २२ हा आकडा मिळाला. हा व्हीटेकच्या तेल-दाबाच्या स्विचचा दोष असल्याचे कळते. व्हीटेकच्या तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेला, म्हणजे सोलेनॉइडला, बॅटरीवरून थेट वीज दिली तर तो स्पष्ट ‘टक’ असा आवाज करतो. त्याची जाळी काढून पाहिली. थोडा काळा मळ होता, तो पुसला, गॅस्केट नवे घातले, तरीही फरक पडला नाही. आधीच्या मालकाने २०डब्ल्यू-५० हे घट्ट तेल भरलेले होते, ते बदलून पातळ तेलही घालून पाहिले.

माझा प्रश्न असा, की स्विच बदलावा, वायरिंग उलगडावे की ईसीयू शोधायला लागावे? नोंदणीची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे आणि नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवायची आहे, त्यामुळे त्याआधी सगळे मार्गी लागावे अशी इच्छा आहे. पत्र्याचे काम मी जाणूनबुजून शेवटी ठेवले आहे.

कॅमशाफ्ट

सूरसागर, कंप्रेशनचे आकडे वाचल्यावर इंजिनाला हात लावू नका, एवढे निःशंकपणे सांगतो.

या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या इनलेट बाजूला तीन रॉकर, म्हणजे फिरत्या कॅमच्या उंचवट्यांवर हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या, असतात. कमी फेऱ्यांवर कडेचे दोन आपापल्या कॅमवर चालतात आणि मधला नुसताच हलत राहतो. फेऱ्या वाढल्यावर ईसीयू सोलेनॉइडला वीज देतो, तेलाची वाट उघडते आणि तेलाच्या दाबाने पिना सरकून तिन्ही रॉकर एकमेकांना जोडले जातात. दाब खरोखर पोहोचला की नाही, हे ईसीयूला त्या स्विचवरून कळते. आता मुद्द्याची गोष्ट अशी, की हा स्विच दाब नसताना जोडलेला असतो आणि दाब आल्यावर तुटतो. त्यामुळे तार तुटली किंवा कपलरची पिन गंजली, तर आपण आदेश दिलेलाच नसताना दाब आहे असे ईसीयूला वाटते, आणि तो व्हीटेक बंद ठेवून २२ नोंदवतो. तेलाचा मार्ग खरोखर तुंबला असेल, तर हाच आकडा फेऱ्या चढवल्यानंतरच यायला हवा.

म्हणून बॅटरीची ऋण तार दहा मिनिटे काढून जुनी नोंद पुसा, गाडी सुरू करा आणि तीन हजारांच्या वर अजिबात न नेता गावातल्या गावात फिरवा. दिवा तरीही लागला तर दोष विजेचा आहे. इंजिन बंद असताना स्विचच्या पिनेपासून ईसीयूच्या कपलरपर्यंत मल्टिमीटर लावून तार अखंड आहे का ते बघा. सोलेनॉइडचा रोधही मोजून घ्या; तो १४ ते ३० ओहमच्या दरम्यान असावा.

उन्हातल्या बिघाडाचा याच्याशी संबंध नाही. तो मेन रिलेचा, म्हणजे पेट्रोल पंपाला वीज जोडून देणाऱ्या स्विचचा, आहे. त्या काळातल्या होंडांमध्ये रिलेच्या आतल्या सोल्डरला केसासारख्या भेगा पडतात, उष्णतेने त्या रुंदावतात आणि पंपाला वीज मिळत नाही. रिले उघडून भिंगाखाली पाहा आणि पुन्हा सोल्डर करा. वीस रुपयांचे काम आहे, पण यासाठी लोकांनी पंप बदललेले मी पाहिले आहेत.

पेटीपॅक

ईसीयूवरचा पांढुरका थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने आजच काढा, कारण पुराचे पाणी वाळले तरी त्यातले क्षार पाटीवर दमट हवेत काम करत राहतात. पाण्याने धुऊ नका. आणि कार्पेटखालचा नमदा पुन्हा बसवू नका, टाकून द्या. तो ओलावा धरून ठेवतो आणि फ्लोअरचा पत्रा खालून नव्हे, वरून खातो. पत्र्याचे काम तुम्ही शेवटी ठेवले आहे ते ठीक, पण फ्लोअर त्यात धरू नका.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची हालचाल पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो या सगळ्याच्या आधी बदला. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो, तेव्हा दोन्ही एकदमच करा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग उस्तादांचा पासष्ट हजारांचा अंदाज कमी वाटू लागेल. बेल्ट लावणाऱ्याला आठवण द्या, की हे इंजिन बहुतेकांच्या उलट, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरते.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बोटांनी दाबून पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २००१ चे रबर त्यासाठी केलेले नव्हते.

सूरसागर

कॅमशाफ्ट आणि पेटीपॅक, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

शनिवारी सांगितल्याप्रमाणे नोंद पुसून मांडवीपासून अलकापुरीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. सुई अडीच हजारांच्या वर गेली नाही, तरी दिवा लागला आणि झपके पुन्हा २२ चेच मिळाले. मल्टिमीटर लावल्यावर स्विच ठीक निघाला. तार मात्र ईसीयूच्या बाजूला, कपलरमध्ये, तुटल्यासारखी दाखवत होती. कपलर उघडला तर ती एक पिन हिरवी होऊन निम्मी झडली होती आणि शेजारच्या दोन पिनांवरही हिरवट बुरशी धरलेली दिसली. तात्पुरती बाहेरून एक तार स्विचपर्यंत ओढली आहे. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना पाहिले. आवाज बदलला आणि मी नकळत जोरात हसलो, एवढेच येथे लिहितो.

मेन रिलेत तीन भेगा होत्या, सोल्डर केले आहे. पण बडोद्याचे ऊन अजून पुरते तापलेले नाही, त्यामुळे त्याची परीक्षा बाकी आहे. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप मागवले आहेत.

आता एकच विचारायचे आहे. तीन गंजलेल्या पिनांसाठी अखंड वायरिंग बदलण्याची माझी तयारी नाही. दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईत कुर्ल्याहून याच गाडीच्या भंगारातला ईसीयूचा कपलर वीतभर तारांसकट कापून आणावा, की त्याच मापाच्या सुट्या पिना कोठे मिळतात आणि त्या दाबण्याचे अवजार कोणाकडे आहे? बडोद्यात किंवा अहमदाबादेत असे काम नीट करणारे कोणी ठाऊक असल्यास कृपया कळवावे.