कमी पैशातले एलियन हल्ल्याचे सिनेमे: मला अजूनही आवडतात, आणि अजूनही राग येतो

गच्चीवरून
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही सगळे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात घराच्या गच्चीवर होतो. आभाळातून जळत्या निखाऱ्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. उल्का एवढा वेळ टिकत नाही, विमान असं जळत नाही. आई खाली देवघरात गेली, शेजारचे काका म्हणाले मिसाईल आहे, आणि मी कठडा घट्ट धरून उभा राहिलो. मग बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा असा जाणकारांचा अंदाज होता.

त्या मिनिटभरात पोटात जे झालं, ते मला महागड्या सिनेमांत कधी मिळालं नाही. स्वस्तातल्या दोन-तीन सिनेमांत मात्र मिळालं. गॅरेथ एडवर्ड्सचा २०१० चा 'मॉन्स्टर्स' घ्या. खर्च पाच लाख डॉलरच्या आसपास, मूठभर माणसांची टीम, दोन मुख्य नट सोडले तर बाकी रस्त्यावर भेटले तेच लोक. परग्रहाचे प्राणी दिग्दर्शकाने स्वतः कॉम्प्युटरवर तयार केले. 'धोक्याचा इलाका' सांगणाऱ्या पाट्यासुद्धा शूटिंग झाल्यावर चिकटवल्या. प्राणी क्वचितच दिसतात, पण ते जिथून गेले ती जागा दिसत राहते. दुसरा अँड्र्यू पॅटरसनचा 'द व्हास्ट ऑफ नाइट', २०१९ चा, सात लाख डॉलरचा. त्यात एक म्हातारा माणूस रेडिओ स्टेशनला फोन करून आपली हकीकत सांगतो आणि मध्येच पडदा चक्क काळा होतो. नुसता आवाज. मी त्या वेळी मोबाईल उलटा ठेवून दिला होता, एवढा गुंतलो.

बाकीचे बहुतेक वाईट असतात, हे मी लपवत नाही. मागच्या रविवारी कूलरपुढे बसून पुतण्यासोबत एक हिंदी डब सिनेमा पाहिला. उडत्या तबकड्यांचा थवा शहरावरून जातो. नऊ वर्षांचा पोरगा म्हणाला, "काका, सावली कुठाय?" खरंच नव्हती. एकच तबकडी ढगाआड ठेवली असती तर मीही घाबरलो असतो आणि तोही.

माझं म्हणणं एवढंच की हा प्रकार कमी पैशातच खुलतो. तुम्हाला काय वाटतं?

इतवारी_गल्ली
मला हे अजिबात पटत नाही, दादा. तुम्ही नसलेल्या गोष्टीला गुण म्हणून राहिले. हल्ल्याचा सिनेमा म्हटला की हल्ला पाहिजे. 'मॉन्स्टर्स' मी पाहिला, दीड तास दोन माणसं प्रवास करत असतात आणि शेवटी एका पेट्रोल पंपावर दोन जीव थोडा वेळ दिसतात. नावात राक्षस, पोस्टरवर राक्षस, आत प्रेमकथा. पडदा काळा करून आवाजच ऐकवायचा असेल तर त्यासाठी आकाशवाणी आहे न.

अंगण वाकडं आहे म्हणून नाचायचंच नाही, आणि वरून न नाचण्यालाच कला म्हणायचं, हे चालणार नाही. प्रेक्षकाने वेळ दिलेला असते. त्याला दाखवा.

महालातली
दाखवा हे बरोबर, पण काय दाखवता त्यावर आहे. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. बांबू, कागद, कापड, रंग, एवढंच सामान. ते सगळ्यांना माहीत असतं, बनवताना पाहिलेलंही असतं. तरी लहानपणी ती गल्लीच्या तोंडाशी आली की मी आजीच्या पदरात तोंड खुपसायची. का? तर ती रस्ता अडवायची. तिला वजन होतं. उचलणाऱ्यांच्या खांद्याच्या शिरा दिसायच्या.

स्वस्त सिनेमातल्या कॉम्प्युटरच्या प्राण्याला नेमकं हेच नसतं. तो चिखलातून चालतो आणि चिखलावर पाय उमटत नाही. १९५८ चा 'द ब्लॉब' पाहा, उल्केतून आलेला लाल गोळा, खर्च लाखभर डॉलर. तो गोळा म्हणजे रंगवलेलं सिलिकॉन होतं. साधं वाटतं, पण दाराखालच्या फटीतून तो खरोखर आत सरकतो, कारण ती वस्तू खरी आहे. आणि २०११ चा 'अटॅक द ब्लॉक'! लंडनमधली सरकारी इमारत, टवाळ पोरं, आणि पोशाख घातलेली माणसं एलियन म्हणून. कॉम्प्युटर वापरला तो भर घालायला नाही, त्या काळ्या केसांवरचे बारकावे पुसायला. मग उरलं काय? अंधाराहून काळा आकार आणि चमकणारे दात. डोळे नाहीतच. मला तो प्राणी अजून आठवतो.

रेंडरवाला
मी व्हीएफएक्सचंच, म्हणजे सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर बनवण्याचं, काम करतो. शिकलो नागपुरात, सध्या हैदराबादला आहे. पुतण्याने सावलीचा प्रश्न विचारला तो आमच्या कामातला पहिलाच प्रश्न आहे. शूटिंगच्या वेळी त्या जागेवर उजेड कुठून आणि किती होता याची नोंद घ्यावी लागते. ती नसेल तर तबकडी कितीही सुंदर बनवा, ती वेगळी चिकटवलेली दिसते. नोंद घ्यायला पैसे जवळपास लागत नाहीत, एक माणूस आणि अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणी देत नाही. सेटवर सगळे म्हणतात, नंतर पाहून घेऊ. 'नंतर' म्हणजे आम्ही, रात्री दोन वाजता.

पण एक गोष्ट या धाग्यातल्या दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. २०१० चा 'स्कायलाइन' बनवणारे स्ट्राउस बंधू स्वतः व्हीएफएक्स कंपनीचे मालक. शूटिंग बरंचसं त्यांच्यापैकी एकाच्या राहत्या इमारतीत केलं, एकूण खर्च साधारण एक कोटी डॉलर. तबकड्या, निळा उजेड, माणसं वर खेचली जाणं, सगळं नजरेला पटतं. आणि तरी सिनेमा पाहवत नाही, कारण खोलीतल्या माणसांपैकी एकही जगावा असं वाटत नाही. तिथे दाखवण्यात काही कमी नव्हतं, इतवारी भाऊ.

बर्डीवरचा_वाचक
मूळ पुस्तकाकडे जा. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स', मंगळावरच्यांनी इंग्लंडवर केलेल्या हल्ल्याची कादंबरी, १८९८ ची. पहिल्याच प्रकरणात तो ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाची आठवण काढतो: युरोपातून गेलेल्यांनी तिथल्या लोकांना पन्नास वर्षांत संपवलं, मग मंगळावरच्यांनी तेच केलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? इंग्रज वाचकाला त्याने जिंकलेल्यांच्या जागी बसवलं. आपण तर दीडशे वर्षं त्या जागी होतो, आपल्याला ही गोष्ट आतून कळायला हवी.

स्वस्त सिनेमे वेल्सकडून तीन पायांची यंत्रं घेतात, शेवटी जंतूंनी मरणं घेतात आणि हा प्रश्न टाकून देतात. हे एलियन का आले, त्यांना काय हवं आहे, यावर लेखकाने दहा मिनिटंही विचार केलेला नसतो. विचार फुकट असतो हो. १९५६ चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' चार लाख डॉलरच्या आसपास झाला. तबकडी नाही, किरण नाही, माणसांच्या हुबेहूब नकला निपजणाऱ्या मोठाल्या शेंगा आहेत आणि शेजारी आहेत. माझा माणूस तोच आहे, पण तो राहिला नाही, एवढ्या एका कल्पनेवर सगळा सिनेमा उभा आहे.

वडसा_ते_नागपूर
आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात, थंडीत, शाली गुंडाळून. पडदे रंगवलेले, राजवाडा आणि झोपडी एकाच दोरीवर. तिथं कोणी म्हणत नाही पैसे कमी लागले. पण दुसऱ्या अंकात गोष्ट ढिली पडली की माणसं उठून चहाच्या टपरीवर जातात. नटाला स्टेजवरून ते दिसते. सिनेमावाल्याला दिसत नाही, हाच फरक आहे असं मला वाटते.

रेंडरवाला
वडसाभाऊ, हे मी उद्या ऑफिसात सांगणार.

इतवारी_गल्ली
'स्कायलाइन'चं मान्य. शेंगांचंही मान्य. पण माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे, तो समजून घ्या.

सीडीच्या काळात मी सीताबर्डीवरून एक सिनेमा आणला होता. नाव मोठ्या सिनेमासारखंच, एक शब्द इकडेतिकडे. कव्हरवर जळतं शहर. घरी सगळे बसले, बाबांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं होतं. आत काय, तर एक जंगल, एक जीप आणि पळणारी सहा माणसं. बाबा काही बोलले नाहीत, जेवायला उठले. ते मला फार लागलं. तुम्ही ज्याला स्वस्तातला सिनेमा म्हणता त्यात असा माल निम्म्याहून जास्त आहे, आणि तो गरिबीतून येत नाही, हिशेबातून येतो.

दुसरं, 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. एड वुडचा. त्यातला मोठा नट बेला लुगोसी १९५६ मध्येच वारला, हाताशी त्याचं थोडंसं चित्रण होतं. मग दिग्दर्शकाने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे हाडं-मणके बसवणाऱ्याला, त्याच्या जागी झगा तोंडापुढे धरून उभं केलं आणि सिनेमा पुरा केला. लोक आता तो हसायला म्हणून लावतात. मला नाही हसू येत. एका म्हाताऱ्या नटाची शेवटची काही मिनिटं आहेत ती. हसण्यासाठी वाईट सिनेमा पाहणं हे मला प्रेम वाटत नाही.

महालातली
शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. बाबांचं वाचून वाईट वाटलं.

बर्डीवरचा_वाचक
एक शंका. 'डिस्ट्रिक्ट नाइन'लाही लोक कमी बजेटचा म्हणतात. तीन कोटी डॉलर, म्हणजे २००९ च्या भावाने दीडशे कोटी रुपयांच्या जवळपास. एवढ्यात आपल्याकडे किती मराठी सिनेमे होतील? तो मला अतिशय आवडतो, जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत एलियनांना कोंडून ठेवणं ही कल्पनाच जबर आहे. पण त्याला या रांगेत धरू नये.

गच्चीवरून
बरोबर, त्याला वगळू. आणि इतवारी भाऊ, फसवणुकीवर माझं तुमच्याशी भांडण नाही. मी 'हा प्रकार कमी पैशातच खुलतो' असं लिहिलं, ते जास्त झालं. पण न दाखवण्याबद्दल मी मागे हटत नाही. काल पुतण्याला तो काळ्या पडद्याचा भाग लावून दिला, मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. त्याने मध्येच उठून खोलीतला दिवा लावला.

इतवारी_गल्ली
दिवा लावला म्हणजे त्याला पाहायचं होतं.

तुमच्याच लाडबोरीचं घ्या. कडं पडल्यावर लोक घरात बसून कल्पना करत राहिले का? बॅटऱ्या घेऊन गेले, गर्दी केली, फोटो काढले. माझ्या मोबाईलवर त्या रात्री किती वेळा तो फोटो आला. आकाशात उजेड दिसला की माणूस घाबरते, हे खरं. पण नंतर त्याला ती वस्तू पाहिजे असते, जळलेली, जमिनीवर पडलेली, हात लावता येईल अशी. मला सिनेमात ती वस्तू पाहिजे. बांबूची असली तरी चालेल.

गच्चीवरून
त्या रात्री मीही साडेबारापर्यंत तो फोटो मोठा करकरून पाहत होतो. कड्याच्या एका बाजूला माती लागली होती.