पाहुण्यांशी चार शब्द स्पॅनिश: तुमचे अनुभव लिहा

ताडोब्याला, सेवाग्रामला स्पॅनिश बोलणारे पाहुणे येतात. त्यांच्याशी सहज बोलायला काय कामी येतं, कुठं अडतं, ते लिहा राजेहो. व्याकरणाचे तक्ते नकोत.

वर्धा
वाक्यं देवनागरीत उतरवून घ्या. त, द, प, क आपलेच आहेत. इंग्रजी वळणानं 'के टाल' केलं की बिघडलं, 'के ताल?' म्हणा, म्हणजे कसं काय. एच मुका, म्हणून 'ओला', म्हणजे नमस्कार. 'जे' (J) हे अक्षर घशातून, ख सारखं. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र जिभेवर घोळवावा लागतो. गावात रेंज नसते, तेव्हा ऑडिओ आधीच उतरवून ठेवा. एक वाक्य ऐका, थांबवा, मोठ्यानं म्हणा, आपला आवाज रेकॉर्ड करून ताडून पाहा. दिवसाला पाच पुरे.

मोहर्ली
पहाटेच्या सफारीला 'ब्वेनोस दियास'. जेवणानंतर 'ब्वेनास तार्देस', पण स्पेनचे लोक दोन-तीनला जेवतात, म्हणून एक वाजताही 'दियास' चालतं. अंधार पडल्यावर 'ब्वेनास नोचेस', भेटतानाही आणि निघतानाही. जिप्सीतून उतरू नका: 'नो बाखेन, पोर फाबोर'. समोरचा भराभर बोलला तर 'मास देस्पासियो'.
वयस्कांना 'उस्तेद', आपलं तुम्ही. स्पेनची तरुण मंडळी लगेच 'तू'वर येतात. कोलंबियात दोस्तांतही 'उस्तेद' ऐकू येतं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस'.

अमरावती
आवडनिवड इंग्रजीतून जुळवायला गेलात तर फसाल, मराठीतून थेट जा. 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लास नारान्खास', मला संत्री आवडतात. क्रियापद वस्तूप्रमाणं बदलतं, आपल्यासारखंच. 'मलाही' म्हणायला 'आ मी तांबिएन'; पण समोरच्यानं 'आवडत नाही' म्हटलं असेल तर 'आ मी ताम्पोको'. इथं बहुतेक जण चुकतात. भुकेला मात्र 'मे' लावू नका: 'तेंगो आंब्रे'.

नागपूर जिल्हा
सावजी वाढताना 'पिका मुचो' सांगा, तिखट आहे. 'कालिएन्ते' म्हणजे तापलेलं. त्यानं तिखटाचा इशारा मिळत नाही, मग पाहुणा ठसकतो बावा. आणि मे महिन्यात गरम होतंय हे 'तेंगो कालोर'. 'एस्तोय कालिएन्ते' चारचौघांत कधीच नाही, अर्थ चावट होतो.

चिखलदरा
'तिंतो' स्पेनमध्ये लाल वाइन, कोलंबियात काळी कॉफी. पाहुणा कुठला ते आधी विचारा: 'दे दोंदे एस?'