वापरकर्ता-संशोधनावरचा खर्च भागीदारांना कसा पटवून द्यावा?

प्रश्न (बाणेर, पुणे)

आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी मार्केट यार्डातील आडत्यांसाठी हिशेबपट्टीचे (शेतकऱ्याला द्यायच्या विक्री-हिशेबाचे) मोबाइल ॲप तयार करणार आहे. कोड लिहिण्यापूर्वी तीन आठवडे गाळ्यांवर बसून त्यांचे काम पाहावे आणि फिग्मा या पडदे आखण्याच्या साधनात केलेले नमुना-पडदे त्यांच्या हाती देऊन पाहावेत, असे माझे मत आहे. परंतु एक ओळही कोड न लिहिता जाणाऱ्या या दिवसांचा पगार कोणत्या खात्यावर टाकायचा, असा भागीदारांचा प्रश्न आहे आणि तो मला गैर वाटत नाही. त्यांना हिशेबाच्या भाषेत काय सांगावे?

उत्तर १

गुलटेकडीच्या याच बाजारासाठी आम्ही असे ॲप केले होते. त्यात भावाचा रकाना प्रतिकिलो ठेवला होता, कारण कार्यालयात बसलेल्या आम्हा सर्वांना भाव किलोनेच ठाऊक. पुण्याच्या घाऊक बाजारात मात्र कांद्याचा भाव 10 किलोंचा बोलला जातो. पहिल्याच पहाटे दिवाणजींनी सवयीने 180 हा आकडा भरला आणि 600 किलो कांद्याची पट्टी 10,800 ऐवजी 1,08,000 रुपयांची निघाली. त्यांनी काही न बोलता फोन बाजूला ठेवला आणि वही ओढली. ते गृहीतक पट्टीपासून अहवालांपर्यंत सगळीकडे मुरलेले असल्याने दुरुस्तीला दीड महिना गेला. नमुना-पडद्यावर हीच चूक अर्ध्या तासात दिसली असती. आपल्या मागील प्रकल्पात केलेले काम पुन्हा करण्यात किती दिवस गेले, ते आधी मोजा. तोच आकडा भागीदारांपुढे ठेवावा.

उत्तर २

वरील अनुभवाशी मी सहमत आहे. चाचणीला फार माणसेही लागत नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या गणितानुसार, एका वापरकर्त्याकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच जणांकडून सुमारे 85 टक्के होतात. मात्र हे पाच जण एकाच प्रकारचे काम करणारे हवेत. दिवाणजी आणि शेतकरी यांची चाचणी वेगवेगळीच घ्यावी लागेल. शिवाय, वापरता येणे आणि वापरावेसे वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी पारखण्यासाठी जेफ हॉकिन्स यांनी 1996 चा पायलट (पुढे पामपायलट) हा आपला हातात मावणारा संगणक बनवण्यापूर्वी, तेच यंत्र आहे असे समजून, खिशात मावेल असा लाकडी ठोकळा स्वतःजवळ बाळगून पाहिला होता. माझ्या मते सर्वांत मोठी बचत इथेच आहे, कारण नको असलेले उत्पादन दोन वर्षे बांधत बसण्यापेक्षा ते तीन आठवड्यांत सोडून देणे कितीतरी स्वस्त पडते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जुन्या प्रकल्पाच्या तक्रारींची नोंदवही आज काढली असून, फेरकामाचे दिवस मोजून सोमवारच्या बैठकीत मांडतो. भागीदारांपैकी एकाने पहाटे गाळ्यावर सोबत यावे, अशी विनंतीही करणार आहे.