उंदरांनी वायर कुरतडली, तुमच्याकडे काय झालं?

आर्णी तालुका, यवतमाळ
भाव येईल म्हणून यंदा कापूस घरातच ठेवला, माजघरात पार छताच्या पाटईपर्यंत. जानेवारीत एका रात्री आईनं हलवून उठवलं, "बाबू, काहीतरी जळून रायलं." मेन स्विच पाडला, बॅटरी घेऊन ढिगावर चढलो. वायरचं आवरण सोललेलं, आतली तांब्याची तार काळी पडलेली, अन् खाली वीतभर अंतरावर कापूस. तेव्हापासून मला धड झोप नाही. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर घरात येतात हे माहीत होतं, पण वायरीकडे कधी पाहिलं नव्हतं. तुमचे अनुभव सविस्तर सांगा.

वरुड, अमरावती
आमचं नुकसान शेतात झालं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत उंदरानं चिंध्या आणून घर केलं होतं. मोटारीकडे जाणाऱ्या तीन फेजच्या तारांपैकी एक कुरतडून तुटली. स्टार्टर ऑटोवर होता. रात्री लाईन आली अन् मोटार दोन फेजवर नुसती घुरघुरत राहिली, वाइंडिंग जळालं. जादा करंट गेला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले मीच मधून काढून लाईन डायरेक्ट करून ठेवली होती, ती चूक माझी. रिवाइंडिंगला साडेपाच हजार लागले, पण पैशाचं सोडा. आंबिया बहराचा ताण नुकताच तोडला होता, म्हणजे फुलासाठी बंद ठेवलेलं पाणी परत सुरू केलं होतं, संत्र्याला फूल निघत होतं, अन् पाच दिवस बागेला पाणी नाही. तो बहर डोळ्यादेखत गळाला.

लाखांदूर, भंडारा
धानाची पोती ज्या भिंतीला लावतो, तिथं पावसाळ्यात हात लागला की झिणझिण्या यायच्या. ओल असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. एक दिवस सासूबाईंना जोराचा झटका बसला. भिंतीवरच्या वायरच्या पट्टीच्या आत उंदरानं वायर खाल्ली होती. एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे आमच्याकडे, तरी पडला नाही. असं काऊन झालं?

मेहकर, बुलढाणा (वायरमन)
ताई, एमसीबी शॉर्ट किंवा ओव्हरलोड झाला तरच पडतो. भिंतीतून, माणसातून जाणारा थोडा करंट त्याला कळत नाही. त्यासाठी असा गळणारा करंट ओळखून लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, अन् अर्थिंग तपासून घ्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला तो कुरतडतो. वायरीत खायला काही नसलं तरी सोडत नाही. कुरतडलेल्या वायरीवर टेप गुंडाळू नका, तुकडाच बदला. वायर भिंतीत शिरते ते भोक सिमेंटमध्ये काचेचे तुकडे कालवून बुजवा. अन् हात जोडून सांगतो, किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, जाड तार घालू नका. फ्यूज उडत नाही, मग वायर जळते.

हिंगणघाट, वर्धा
औषध टाकताना जपा. मेलेला उंदीर आमच्या मांजरीनं खाल्ला, दुसऱ्या दिवशी ती गेली. आता फक्त पिंजरा लावतो.

आर्णी तालुका, यवतमाळ
वायरमनदादा, तुमचं वाचून कापूस परवाच विकला, मिळेल त्या भावात. खोली रिकामी झाल्यावर पाहिलं, ढिगाच्या मागे वायर आणखी तीन ठिकाणी उघडी होती.