मदत हवी आहे : त्वचेच्या कॅन्सरवर वनस्पतींतला कोणता घटक घ्यावा?

पानगळ
नमस्कार. माझ्या भावाला स्किन कॅन्सर झालाय, ऑपरेशन झालं. आता तो पसरू नये म्हणून हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क, द्राक्षातलं रेस्वेराट्रॉल असं बरंच वाचून काढलं. या घटकांनी कॅन्सरच्या पेशी पसरायचा वेग कमी होतो असं जिथे तिथे लिहिलंय. नेमकं कुठलं, किती मिलिग्रॅम, किती दिवस, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना विचारा' हे कृपया नको, तिथे दोन मिनिटांत पुढच्या पेशंटला हाक जाते. जरा लवकर.

गवतफूल
स्किन कॅन्सर म्हणजे कोणता? बेसल सेल, स्क्वॅमस सेल की मेलानोमा? बेसल सेल सहसा लांब पसरतच नाही, मेलानोमाचं सगळंच वेगळं. आणि सध्या औषधं कुठली चालू आहेत?

पानगळ
तळपायावर काळा डाग होता. चामखीळ समजून वर्ष घालवलं. औषध चालू आहे, मला त्यासोबत द्यायला हवंय.

उत्तरवारा
कर्क्युमिनच द्या, पण मिऱ्यातल्या पिपेरीनसोबत. नुसतं अंगी लागत नाही. १९९८ च्या अभ्यासात पिपेरीनमुळे माणसांच्या रक्तातलं त्याचं प्रमाण वीसपट वाढलं होतं. मी गुडघ्यासाठी दोन वर्षं घेतोय, चांगला फरक आहे.

बारीकनजर
मी प्रयोगशाळेत पेशींवर काम करते, म्हणून 'पसरणं कमी झालं' हे कसं ठरतं ते सांगते. तबकडीत पेशींचा सलग थर वाढवायचा. पिपेटच्या टोकाने मधोमध एक रेघ ओरखडायची. मग घटक घालायचा आणि चोवीस तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा फोटो घ्यायचा. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत ती फट बुजवतात. घटक घातलेल्या तबकडीत फट उघडी राहिली, की पेशींचं सरकणं रोखलं असं म्हणायचं. अशा कितीतरी फटी मी मोजल्यात, त्यात खोटं काही नाही.

पण तबकडीत कर्क्युमिन दहा-वीस मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचं माप) असतं. तेच गिळलं, की आतडं आणि यकृत त्याला दुसरा रेणू जोडून बाहेर घालवतात. रक्तात मोकळं कर्क्युमिन जवळजवळ सापडतच नाही. नगण्य गोष्टीची वीसपट किती होणार? २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी सगळा आढावा घेतला, तेव्हा कर्क्युमिनची एकही डबल-ब्लाइंड (खरं औषध कुणाला मिळतंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) चाचणी यशस्वी झालेली नव्हती.

उत्तरवारा
मग सदाफुलीतून विनब्लास्टिन आलं ते? यू झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल? केमोची निम्मी औषधं झाडांचीच आहेत. वनस्पतींना नावं ठेवायची ही सवयच झालीय लोकांना.

बारीकनजर
निम्मी नाहीत, पण बरीच आहेत हे मान्य. ती शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात आणि चांगली विषारी असतात. उलट उदाहरणही बघा. युफोर्बिया या वनस्पतीच्या चिकातल्या इंजेनॉल मेब्युटेटचं जेल उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर लावायचे. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. २०२० मध्ये युरोपात ते बाजारातून गेलं, कारण जिथे लावलं तिथेच त्वचेचा कॅन्सर होत असल्याची शंका आली.

शांतसंध्या
ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचं काळं मलम मिळतं. डाग खपली धरून आपोआप गळून पडतो म्हणे.

गवतफूल
ते अजिबात नको! वरची कातडी जळून खपली पडते आणि खालचा कॅन्सर तसाच आत वाढत राहतो. असं कुणाला सुचवू नका, कळकळीने सांगते.

दूरदेशी
तळपायावरून आठवलं. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्यात मेलानोमा निघाला होता, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला. सावळ्या त्वचेला हा होत नाही असं लोक धरून चालतात. तळपाय, तळहात, नखांखालीही बघत जा.

नवीननवीन
सनस्क्रीन एसपीएफ ३० चांगलं की ५०?

गवतफूल
नवीननवीन, त्यासाठी वेगळा धागा काढा. पानगळताई, औषधांची नावं अजून आली नाहीत. बायोप्सीचा रिपोर्टही सांगा.

पानगळ
मेलानोमा. ब्रेस्लो जाडी (गाठ त्वचेत किती खोल गेली ते) २.१ मिमी, जांघेतल्या एका लिम्फ नोडमध्ये पेशी सापडल्या, बीआरएएफ (कॅन्सरच्या पेशीतल्या या जनुकात बदल) पॉझिटिव्ह. त्यावरच्या डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिबच्या गोळ्या चालू आहेत.

आणि एक सांगायचं राहिलं. कर्क्युमिन-पिपेरीनच्या कॅप्सूल तो तीन आठवड्यांपासून घेतोय, मीच आणून दिल्या. काल एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) बरंच वाढलेलं आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवाव्या लागतील. म्हणून मला यकृताला त्रास न देणारा दुसरा अर्क हवा होता.

गवतफूल
ताई, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. हळदीच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, पिपेरीन सोबत असताना तर जास्तच. त्या गोळ्यांनीही एसजीपीटी वाढतं. डॉक्टरांना कॅप्सूल ठाऊकच नाहीत, मग संशय गोळ्यांवरच जाणार. आणि खरा उपयोग त्या गोळ्यांचाच आहे. २०१७ च्या चाचणीत अशाच, म्हणजे लिम्फ नोडपर्यंत पोचलेल्या पेशंटमध्ये, तीन वर्षांनी आजार न उलटलेले गोळ्या घेणाऱ्यांत ५८ टक्के होते, न घेणाऱ्यांत ३९. कॅप्सूल आज बंद करा. गोळ्यांचं मात्र स्वतःहून काही ठरवू नका, आत्ता फोन लावा.

उत्तरवारा
गोळ्या चालू आहेत हे माहीत नव्हतं. पिपेरीनशिवाय नुसतं कर्क्युमिन दिलं तर?

बारीकनजर
नाही, तेही नको. एसजीपीटी वाढलेलं असताना कुठलाच अर्क नको.

पानगळ
फोन लागला. नर्स म्हणाल्या, डबी घेऊन उद्या सकाळी या, रक्त पुन्हा तपासू. गोळ्यांचं उद्या डॉक्टर सांगतील. भाऊ डबी फेकायला निघाला होता, हातातून काढून घेतली. मागच्या लेबलावर पिपेरीन बारीक अक्षरात लिहिलंय, तेच दाखवायचंय.