प्रतिसाद : आधी हद्द, मग नकाशा

संरक्षित स्मारकांची यादी उपग्रह-नकाशावर चढवली आणि स्मारकांजवळच्या बांधकामांच्या परवानग्या ऑनलाइन केल्या की व्यवस्था आधुनिक होईल, हे मत मला अर्धेच पटते. परवानग्यांपुरते ते ठीक आहे. परंतु नकाशावर बिंदू ठेवण्यासाठी वास्तू नेमकी कुठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात, प्रत्यक्ष पाहणी केलेल्या 1655 केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी 92 जागेवर सापडलीच नव्हती. त्यांतली काही पुढे सापडली, पण 2024 मध्ये 18 स्मारके यादीतून वगळण्याची पाळी आली. त्यांत हरियाणातील मुजेसरचा कोस मिनार होता. मोगलकालीन राजमार्गावर अंतर दाखवणारा असा एकाकी विटांचा खांब वस्तीत गडप व्हायला फारसा वेळ लागत नाही.

दुसरे असे, की 2010 च्या दुरुस्तीने स्मारक-संरक्षण कायद्यातच आलेले 100 मीटरचे प्रतिबंधित (जिथे नवे बांधकाम करता येत नाही) आणि त्यापुढील 200 मीटरचे विनियमित (जिथे परवानगीने करता येते) क्षेत्र वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजले जाते. ती हद्दच जमिनीवर आखलेली नसेल, तर सुबक डिजिटल नकाशासुद्धा वादाला आमंत्रणच ठरेल. शिवाय ताजमहाल आणि कोस मिनार यांना एकच 100 मीटरची फूटपट्टी लावणे मला तरी अनाकलनीय वाटते. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करण्याची तरतूद त्याच दुरुस्तीत आहे, मात्र ते उपविधीही विनियमित क्षेत्रालाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात.