'मरणोत्तर अल्बम' म्हणायचं का?

निक ड्रेकच्या 'फॅमिली ट्री'वर लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडलोय. इंग्लंडचा हा फोक गायक १९७४ मधे २६व्या वर्षी गेला, अल्बम आला २००७ला, म्हणजे 'मरणोत्तर अल्बम' लिहायला हवं, पण कानाला खटकतंय. मरणोत्तर पुरस्कार, मरणोत्तर देहदान चालतं, मग अल्बमला का नाही? आणि त्यात तो गायक म्हणून कसा तयार झाला ते ऐकू येतं, त्याला 'कलात्मक विकास' म्हणायचं का? फार कोरडं वाटतंय.

*

खटकतंय ते बरोबरच आहे. पुरस्कार माणूस गेल्यावर देतात, देहदानही नंतरच होतं, पण ही गाणी त्याने जिवंतपणी गायलीयत, तीही १९६९चा पहिला अल्बम 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' यायच्या आधी, बरीचशी घरच्या टेप रेकॉर्डरवर आणि काही १९६७ला फ्रान्समधे असताना. मरणोत्तर आहे ते फक्त प्रकाशन. 'मृत्यूनंतर प्रकाशित झालेला' लिहा सरळ, लांबलं तरी चालेल.

'विकास' नकोच, 'जडणघडण' लिहा. 'वाटचाल' म्हटलं तर १९७२च्या 'पिंक मून' या त्याच्या शेवटच्या अल्बमपर्यंत यावं लागेल, हा अल्बम त्याच्या खूप आधी थांबतो. शिवाय जडणघडण म्हटलं की घरची माणसं आलीच, आणि इथे ती खरंच आहेत, आई मॉलीची दोन गाणी तिच्याच आवाजात, बहीण गॅब्रिएलबरोबर एक, मोझार्टच्या एका रचनेत निक क्लॅरिनेट वाजवतोय. मॉलीची पियानोवरची गाणी नक्की ऐका, मुलाच्या गाण्यातली ती उदासी कुठून आली ते लगेच कळतं, मला तर अख्ख्या अल्बममधे तीच दोन सगळ्यात मोलाची वाटतात.

*

एक अजून, कृपया 'लोकगायक' लिहू नका. लोकगीताचा कर्ता सहसा कुणालाच माहीत नसतो, निक स्वतःची गाणी स्वतः करायचा. या अल्बमवर काही पारंपरिक गाणी आहेत त्यांना खुशाल लोकगीतं म्हणा, पण बॉब डिलन, बर्ट जान्श, जॅक्सन सी. फ्रँक या गायकांनी स्वतः रचलेली जी गायलीयत ती लोकगीतं नव्हेत.

*

मग 'फोक गायक-गीतकार' चालेल?

*

'फोक' चालेल, रुळलाय तो. 'गीतकार'ने मात्र अर्धंच काम होतं, आपल्याकडे गीतकार म्हणजे फक्त शब्द लिहिणारा, चाल संगीतकाराची. 'शाहीर' स्वतः रचून गातो खरा पण त्याच्यासोबत डफ, पोवाडा नि समोरची गर्दी येते, आणि निकला तर लोकांसमोर गायला नकोसं व्हायचं. 'स्वतः लिहून, चाल लावून गाणारा' असंच लिहा.